एक कुठी गेला?

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि खरं सांगतो, मला शाळेचं मैदान आठवलं नाही, गॅदरिंग आठवलं नाही, एकदम सर आठवले. कोणते सर हे आपल्या शाळेतल्या माणसाला सांगायची गरज नाही, बारावीला गणित म्हटलं की एकच सर होते.

आमची 1996 ची बॅच. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरी माणूस मिळत नव्हता म्हणून मी आठ दिवस शाळेत गेलोच नाही, आणि नेमकं त्या आठ दिवसांत सरांनी इंटिग्रेशनमधलं पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे मोठा अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडणं, शिकवून टाकलं. परत आलो तर सगळे पोट्टे फटाफट गणितं सोडवत होते आणि मला फळ्यावरचं काहीच कळेना. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, शाळा सुटल्यावर व्हरांड्यात थांब.

थांबलो. सरांनी छोट्या फळ्यावर लिहिलं, वर 3 एक्स अधिक 5, खाली दोन कंस, एक्स अधिक 1 आणि एक्स अधिक 2. म्हणाले, "घरी तुरीत ज्वारी मिसळली तं काय करतं? चाळतं नं? हेही तसंच, दोन अपूर्णांक मिसळले हायेत, येगळे करायचे." मग त्यांनी पहिल्या कंसावर हाताचा पंजा ठेवला, तो झाकला, आणि उरलेल्यात एक्सच्या जागी वजा 1 घालायला लावला. वर 2, खाली 1, म्हणजे पहिल्याचा अंश 2. मग दुसऱ्या कंसावर पंजा, घाल वजा 2, वर वजा 1, खाली वजा 1, अंश 1. झालं! दोन सोपे तुकडे, इंटिग्रेशन केलं की दोघांचे लॉग, शेवटी अधिक सी हा स्थिरांक.

मला वाटलं आलं आपल्याला. म्हणून पुढचं गणित मी न विचारता सोडवलं, वर एक्स स्क्वेअर अधिक 1, खाली एक्स स्क्वेअर वजा 1, म्हणजे एक्स वजा 1 आणि एक्स अधिक 1 हे दोन कंस. पंजा ठेवला, अंश आले 1 आणि वजा 1, दोन लॉग लिहून मोकळा झालो. सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, एक्सच्या जागी शून्य घालून पाह्य. मूळ गणितात आला वजा 1, माझ्या तुकड्यांत वजा 2. "एक कुठी गेला रे बाबू?"

मी अर्धा तास शोधत होतो, सरांनी सांगितलं नाही, शेजारी बसून पेपर तपासत राहिले. शेवटी लक्षात आलं की वरची डिग्री, म्हणजे एक्सचा सगळ्यात मोठा घात, खालच्याएवढी आहे, आधी भागाकार करायला पाहिजे होता, भागाकारातला तो 1 मी टाकूनच दिला होता आणि त्याच्या इंटिग्रेशनमधून येणारा एक अख्खा एक्स उत्तरातून गायब झाला होता. तोपर्यंत शेवटची यष्टी गेली. सरांनी मला लुनावर मागं बसवून चार किलोमीटर घरी आणून सोडलं, आईनं चहा केला, तर चहा पितापिता म्हणाले, 1702 साली लायब्निट्ससारखा, कॅल्क्युलस शोधणारा माणूस एक्सचा चौथा घात अधिक 1 याच्यापाशी अडला, त्याला वाटलं याचे साधे अवयव पडतच नाहीत. तू पाह्य. रात्री कंदिलाच्या उजेडात मी त्याच्यात 2 एक्स स्क्वेअर मिळवले आणि लगेच वजा केले, दोन वर्गांची वजाबाकी झाली, अवयव पडले. तो आनंद मला नंतर नोकरी लागली तेव्हाही झाला नाही.

बाकी इंटिग्रेशनमध्ये सुचावं लागतं, कोणतं सबस्टिट्यूशन घ्यायचं ते. सर म्हणायचे की इथं सुचायची गरज नाही, वर-खाली बहुपदी असली आणि छेदाचे अवयव पडले की उत्तर येणारच, भागाकारातून निघालेली बहुपदी सोडली तर लॉग येईल, टॅन इन्व्हर्स येईल, नाहीतर नुसता अपूर्णांक येईल, चौथं काही नाही. गणित शहरातल्या पोरांचं असं समजणाऱ्या माझ्यासारख्याला त्या "येणारच" शब्दानं उभं केलं.

इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षी लाप्लास ट्रान्सफॉर्म नावाच्या गणितात हेच परत आलं आणि तेव्हा समजलं की सरांच्या पंजाला नाव आहे, हेविसाइडची पद्धत. हा हेविसाइड सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुढे टेलिग्राफ ऑपरेटर झालेला माणूस. आज मी पुण्यात कंट्रोल सिस्टीमचं, म्हणजे मशीन आपोआप ताब्यात ठेवण्याचं काम करतो. छेद शून्य कुठं होतो त्यावरून मशीन शांत होणार की थरथरत राहणार ते ठरतं, कॉम्प्युटर एका कमांडमध्ये तुकडे करून देतो, तरी मी शून्य घालून एकदा तपासतोच.

मागच्या वर्षी गावी आलो तेव्हा शाळेत डोकावलो. बारावीच्या वर्गात सात-आठ पोरं, बाकीची नावं इथं आणि क्लास शहरात. भाच्याला विचारलं तर तो इंटिग्रेशन करतच नाही, चार पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे इंटिग्रेशनची उलटी क्रिया, काढून जुळवतो. मार्क मिळतात त्याला. पण एक हरवला तर शोधायला कोण लावणार, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या बॅचपैकी कोणाकडे सरांच्या लाल शाईची वही असेल तर घेऊन या, माझी मी आणतोच आहे. आणि सर कार्यक्रमाला येणार असतील तर मला आधी कळवा, त्यांना घरून आणायला मी जातो.