दोन्ही कागद आले आणि दोन्हीत घोळ

मागच्या महिन्यात आमच्या एका क्लायंटचं ग्रीन कार्ड आणि ट्रॅव्हल डॉक्युमेंट एकाच आठवड्यात हातात आलं, आणि दोन्हीत घोळ निघाला. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय. नाव सांगणार नाही, एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात.

मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला एका छोट्या इमिग्रेशन ऑफिसात पॅरालीगल आहे. म्हणजे वकीलबाई कोर्टात बोलतात आणि बाकी सगळं, फॉर्म, फोटो, भाषांतरं, पावत्या, लिफाफे, लोकांची रडारड, ते माझ्याकडे. आमच्याकडे तिबेटी क्लायंट बरेच येतात. ज्यांचे हे कागद ते भाऊ पहिल्यांदा आले तेव्हा मी सवयीने हिंदीत सुरुवात केली, बोलताबोलता नागपूरची आहे म्हटलं, तर ते सरळ मराठीत म्हणाले, "मग गोठणगाव माहीत असेल ताई तुम्हाला!" मी दोन सेकंद गप्पच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या बाजूला गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची. आपल्याकडे ते नाव कोणी घेत नाही, तिबेटी कॅम्प म्हणतात. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता त्यामुळे तिबेटी लोक अजून "भंडारा"च म्हणतात. पावसाळ्यात धान आणि थंडीत स्वेटर. भाऊंच्या आई लुधियान्याचा माल घेऊन दर हिवाळ्यात नागपूरला बसायच्या. माझा शाळेचा मरून स्वेटर त्यांच्याचकडून घेतलेला होता असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय, पुरावा काही नाही.

भाऊंचा जन्म तिबेटातला, त्यामुळे कागदावर राष्ट्रीयत्व चीन. लहानपणी आईबरोबर नेपाळमार्गे भारतात आले, पण भारतातलं रजिस्ट्रेशन त्यांचं कधी धड झालंच नाही. असायलमच्या, म्हणजे अमेरिकेत आसरा मागायच्या, केसमध्ये सरकारी वकील हाच मुद्दा ताणत होता, की हा माणूस भारतात आधीच स्थायिक झालेला आहे, मग अमेरिकेने कशाला आसरा द्यायचा. वकीलबाईंनी तो मुद्दा कसा खोडला ते बघण्यासारखं होतं, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल. वर्षानुवर्षं कोर्टात तारखा पडल्या आणि शेवटी मिळालं.

आणि मिळाल्यावर खरी वाट बघणं सुरू होतं, हे बाहेरच्यांना कळत नाही. असायलम मिळालं की आय-९४, म्हणजे कायदेशीर राहता येतं याचा कागद, मिळतो, काम करता येतं, पण एक वर्ष अमेरिकेत राहून झाल्याशिवाय ग्रीन कार्ड मंजूर होत नाही. त्याचा फॉर्म आय-४८५, सोबत सिव्हिल सर्जनकडची, म्हणजे इमिग्रेशनने नेमलेल्या डॉक्टरकडची, मेडिकल, तीही बंद लिफाफ्यात, क्लायंटने उत्सुकतेने फोडला की गेली. बाहेरदेशी जायचं तर आय-१३१ भरून रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट घ्यायचं, पासपोर्टसारखी पुस्तिका असते. ग्रीन कार्ड तुम्हाला अमेरिकेत परत आणतं, दुसऱ्या देशात शिरायला ते उपयोगाचं नाही, तिथे पुस्तिकाच लागते, आणि ज्या देशाच्या भीतीने पळालात त्याच्या पासपोर्टवर फिरलात तर इथे विचारतात की बाबा, मग भीती गेली कुठे? आणि ही पुस्तिका किती वर्षांची? एक. फक्त एक वर्ष. वाढवून मिळत नाही, परत नवीन अर्ज, परत बोटांचे ठसे, आणि आमच्याकडच्या गेल्या काही वर्षांतल्या केसेस बघितल्या तर अर्जाला वर्षाहून जास्त लागतंय. म्हणजे एक वर्ष वापरायच्या वस्तूसाठी सव्वा-दीड वर्ष थांबा. हे कोणी ठरवलं त्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

वकीलबाई म्हणतात तुम्ही लोक नशीबवान, पूर्वी बघायला हवं होतं. १९९० च्या कायद्याने असायलमवाल्यांना वर्षाला फक्त १०,००० ग्रीन कार्डं द्यायची मर्यादा होती, रांग दहा वर्षांच्या वर गेलेली, ती मर्यादा २००५ मध्ये उठली. बरोबर आहे त्यांचं. पण अशाने आजच्या माणसाचं दुखणं कमी होत नाही ना.

इथे एक सांगून टाकते. मी स्वतः एच-४ ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळालेल्या कामाच्या परवान्यावर, काम करते. नवऱ्याचं ग्रीन कार्ड ईबी-२ च्या, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या कार्डाच्या, भारतीय रांगेत, आमचा नंबर कधी लागेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. आमच्या मराठी मंडळींत गणपतीच्या जेवणात विषय निघालाच की कोणीतरी म्हणतंच, "आम्ही टॅक्स भरून रांगेत, आणि या असायलमवाल्यांना लगेच कार्ड." पूर्वी मी वाद घालायचे, आता वरण वाढून घेते. त्यांना एवढंच माहीत नाही की आपण कंटाळलो तर दोन आठवडे पुण्याला जाऊन आईच्या हातचं खाऊन येऊ शकतो, स्टॅम्पिंगची कटकट सोडली तर.

तर तो दिवस. गुरुवार होता, बाहेर चिखल झालेला बर्फ. भाऊ जेवणाच्या सुट्टीत आले, दोन लिफाफे जॅकेटच्या आतल्या खिशात. रिसेप्शनवरच्या मुलीने लगेच "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणून टाळ्या वाजवल्या. तिचं हे नेहमीचं, लिफाफा उघडायच्या आधी टाळ्या.

पुस्तिकेची गंमत अशी की ती मंजूर होऊन छापून कधीच निघाली होती. भाऊ एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतात, पत्रपेटीवर घरमालकाचं नाव. पोस्टमनला यांचं नाव दिसलं नाही, लिफाफा परत. हे लिफाफे पोस्ट दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्डही करत नाही, थेट पाठवणाऱ्याकडे जातात. मग आम्ही इमिग्रेशन खात्याला फोन, ऑनलाइन रिक्वेस्ट, परत फोन, त्या फोनवर आधी मशीनशी बोलायचं, "रिप्रेझेंटेटिव्ह" असं ओरडत राहायचं, मग माणूस येतो आणि स्क्रीनवर दिसतं तेच आपल्याला वाचून दाखवतो. तेव्हापासून मी प्रत्येक क्लायंटला पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटवून त्याचा फोटो मला पाठवायला लावते. लोक हसतात. हसू देत.

मी पुस्तिका उघडली आणि पहिल्यांदा बघितली ती मुदत. मुदत छापल्याच्या तारखेपासून धरलेली, म्हणजे ती तिकडे पडून होती ते महिनेही त्यातच गेले. सात महिने आणि थोडे दिवस उरलेले. भारताच्या व्हिसाला अर्ज करताना कागद किमान १८० दिवस चालणारा हवा. ई-व्हिसा अशा पुस्तिकेवर मिळत नाही, त्यामुळे साधा कागदी अर्ज, कागदपत्रांचा गठ्ठा आणि अशा केसला वरून क्लिअरन्स, त्याला किती दिवस लागतील त्याला धरबंध नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ही पुस्तिका बघून कोणी तिकडे पटकन ओळखेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

भाऊ म्हणाले, "म्हणजे महिन्याभरात टाकावं लागेल." गणित त्यांनी माझ्याआधी केलेलं होतं.

मग मी कार्ड घेतलं. माझी एक सवय आहे, आणि त्याबद्दल मी थोडी फुशारकी मारणार आहे. कार्ड आलं की लोक फोटो बघतात, नावाचं स्पेलिंग बघतात. मी "रेसिडेंट सिन्स", म्हणजे कधीपासून इथले कायमचे रहिवासी ती तारीख, बघते. असायलमवरून कार्ड मिळालं की कॅटेगरी एएस६ येते आणि कायद्याप्रमाणे रेसिडेंट असल्याची तारीख मंजुरीच्या एक वर्ष आधीची धरतात. हे एक वर्ष फुकट मिळतं, आणि बऱ्याच लोकांना, काही वकिलांनाही, पत्ता नसतो. भाऊंच्या कार्डावर कॅटेगरी बरोबर, तारीख मात्र मंजुरीच्या दिवसाची. मी अप्रूव्हल नोटीस शेजारी ठेवून दोनदा ताडून बघितलं. पूर्ण एक वर्ष गायब.

आता एक वर्षाने काय फरक पडतो असं वाटेल. सिटिझनशिपची पाच वर्षं या तारखेपासून मोजतात. असायलम मिळालेला माणूस बायको आणि एकवीसच्या आतली अविवाहित मुलं आणू शकतो, आईवडील नाही. ग्रीन कार्डवालाही आईला आणू शकत नाही, त्याला सिटिझनच व्हावं लागतं. भाऊंनी लग्न केलेलं नाही. त्यांचं सगळं गणित गोठणगावच्या त्या एका म्हातारीभोवती, आणि ती सत्तरीच्या पुढची. कार्डावरची चूक म्हणजे तिला आणायचा अर्ज एक वर्ष पुढे.

दुरुस्तीसाठी आय-९०, म्हणजे कार्ड बदलून घ्यायचा फॉर्म, भरायचा, चूक खात्याची असल्यामुळे फी नाही, पण मूळ कार्ड परत पाठवायचं आणि पुन्हा थांबायचं. आणि पुस्तिकेची मुदत संपत आलीये तर तीही परत पाठवून नवीन मागायची, कारण चालू पुस्तिका हातात ठेवून दुसरी मागता येत नाही.

भाऊ दोन्ही वस्तू टेबलावर ठेवून बघत बसले. म्हणाले, "ताई, हे पण परत, ते पण परत. मग माझ्याकडे काय राहील?"

मी वकीलबाईंना बोलावलं. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत तयार, दोन्ही परत पाठवा, नीट करून घ्या, चूक दिसली त्या दिवशी लेखी गेलं पाहिजे, नाहीतर चार वर्षांनी विचारतात तेव्हा का बोलला नाहीत. वकील म्हणून एकदम बरोबर. मला पटलं नाही. आय-९० ला काही शेवटची तारीख नाही, चुकीबद्दल ऑनलाइन तक्रार आज टाकून ठेवली की लेखी पुरावा झाला, कार्ड महिन्यांनी गेलं तरी चालेल. पण पुस्तिकेचे दिवस रोज कमी होणार. मी म्हटलं व्हिसाला टाकून बघू. बाई म्हणाल्या व्हिसाला टाकली की पुस्तिका त्यांच्याकडे जाते, ती तिकडे अडकली तर ना व्हिसा, ना नवीन अर्ज, दोन्हीकडून गेलात. हेही बरोबर.

आम्ही दोघी त्यांच्यासमोर वाद घालत होतो आणि भाऊंनी सरळ व्हॉट्सअॅपवर आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र बरीच झालेली, आजी जाग्या होत्या. आधी दोघं तिबेटीत बोलले, मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. आजींना कान जवळ आणायची सवय, त्यामुळे स्क्रीनवर अर्धा वेळ कान आणि त्यातलं पोवळं. मी नागपूरची आहे कळल्यावर पहिला प्रश्न, "कुठल्या मोहल्ल्यातली?" मी सांगितलं. "तिकडे जात होती मी, सायकल रिक्षाने माल घेऊन." मग त्या माझ्याशीच बोलायला लागल्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी, "बाई, त्याला सांग, मले तिकडे नको आणू. मी काय करणार तिकडे? थंडी सोसत नाही आता. एकदा येऊन जाय म्हणा. मी नागपूरला येते, मले रस्ता माहीत आहे."

नागपूरला का, ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बऱ्याच तिबेटी वसाहतींत परदेशी माणसाला मुक्काम करायला गृहमंत्रालयाचं वेगळं परमिट लागतं. आता भाऊ परदेशी. स्वतःच्या घरी झोपायला दिल्लीची परवानगी. म्हणून आजी म्हणे लॉज बघून ठेवते.

भाऊंनी फोन हळूच काढून घेतला. मला वाटतं आईला इकडे यायचंच नाही हे त्यांनी पहिल्यांदा एवढं स्पष्ट ऐकलं, आणि तेही तिने मला सांगितलं म्हणून. किंवा माहीत असेल आधीपासून. मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "व्हिसाला टाका. कार्डाचं नंतर." आणि थोड्या वेळाने, "पण कार्डाचं करायचंच. तिचं मत बदलेल."

वकीलबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिलं की क्लायंटला धोका समजावून सांगितला आहे. त्यांच्या जागी मीही लिहिलं असतं, पण तेव्हा मला त्याचा राग आला.

चुकीच्या तारखेची ऑनलाइन तक्रार त्याच संध्याकाळी टाकली. व्हिसाचा फॉर्म मी भरला, त्यात आईवडिलांचा जन्म कुठला, आधीचं राष्ट्रीयत्व कोणतं, आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, एवढं सगळं विचारतात, पण या माणसाची आई गोंदिया जिल्ह्यात बसलीये हे सांगायला धड रकाना नाही, मी संदर्भाच्या जागी कोंबलं. पुस्तिका पाठवली. अजून उत्तर नाही. वेबसाइटवर "अंडर प्रोसेस". आजी भाऊंना दर रविवारी विचारतात लॉज कधीचा सांगू, आणि भाऊ मला विचारतात.

वकीलबाईंचं म्हणणं अजून तेच, थांबायला हवं होतं. मला अजूनही वाटतं की नाही, पण रात्री कधीकधी वाटतं की मी त्यांच्या आईचं ऐकून सल्ला दिला की कायद्याचं बघून? पुस्तिका तिकडे अडकली आणि मुदत संपली तर भाऊ मला काही म्हणणार नाहीत, ते तसे नाहीत, हेच जास्त त्रासदायक आहे.

कोणी रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर भारताचा व्हिसा काढला असेल, स्वतःचा किंवा ओळखीच्यांचा, तर किती दिवस लागले आणि मध्ये काही कागद मागितले का तेवढं सांगा. तिबेटी केस असेल तर फारच उत्तम. आणि असायलमवरून कार्ड मिळालेलं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना कार्डावरची "रेसिडेंट सिन्स" तारीख आज बघायला लावा, मंजुरीच्या एक वर्ष आधीची आहे का ते.