‘अजून माहीत नाही’

सकाळी पावणेसातला मालकांचा फोन. “ओ मॅडम, पत्रकार फोन करलालेत. काहीतरी करा की. बातमी थांबवा.”

मागोमाग व्हॉट्सॲपवर अठरा सेकंदांचा व्हिडिओ आला. सोलापुरातली अक्कलकोट रोडकडची गल्ली, तुंबलेलं गटार, रस्त्यावर लालभडक पाणी. कडेला घागरी घेऊन बायका नळाच्या रांगेत. त्या भागात चार दिवसांनी पाणी आलं होतं.

मी जनसंपर्काचं काम करते म्हणजे उद्घाटनाला पाहुणे आणते आणि गड्ड्याच्या यात्रेत शुभेच्छांचे फलक लावते, असा माझ्या सासरच्यांचा समज आहे. वर्षातले बरेचसे दिवस तो खराही असतो. त्या दिवशी नव्हता.

मालकांचं डायिंग हाऊस आहे, टॉवेलचं सूत रंगवतात. फोरमननं सरळ सांगून टाकलं. रिॲक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा सुताला धरत नाही, उरलेला धुण्याच्या पाण्यात उतरतो. ते पाणी टाकीत साठवायचं आणि प्रक्रिया करूनच सोडायचं. रात्री टाकीवरचा पंप जळाला. पाळीवरच्या माणसाला डुलकी लागली आणि टाकी उतू गेली.

केबिनमध्ये वकीलसाहेबांची प्रेसनोट तयारच होती. “काही समाजकंटकांनी हेतुपुरस्सर पसरवलेल्या व्हिडिओमुळे...”

“मालक, रंग आपला आहे ना?”

“आपलाच.”

“मग समाजकंटक कोण? पंप?”

मालक हसले नाहीत. दोन पेपरांना पुढच्या आठवड्यात पानभर जाहिरात देऊ, असं त्यांनी सुचवलं. अशी जाहिरात घेणारे घेतात आणि आयुष्यभर लक्षात ठेवतात. शिवाय व्हिडिओ एव्हाना गल्लीगल्लीच्या ग्रुपवर पोचला होता, त्याला कुठली जाहिरात देणार? 1906 साली अमेरिकेत रेल्वे पुलावरून खाडीत कोसळली तेव्हा आयव्ही ली नावाच्या माणसानं रेल्वे कंपनीला पत्रकारांना घटनास्थळी न्यायला लावलं होतं. कोर्समध्ये हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. अक्कलकोट रोडवर कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आधी गल्लीत गेलो. मालक यायला तयार नव्हते, शेवटी फोरमनच्या स्कूटरवर मागं बसून आले. तिथल्या बहुतेक घरांत तेलुगू बोलतात. फोरमनचीही भाषा तीच, म्हणून तो पुढं. बायका अंगावर येतील या भीतीनं मालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. ओरडल्या, पण थोडंच. त्यांचा प्रश्न एकच होता: हे पाणी नळात मिसळलं का?

प्रश्न वेडगळ नव्हता. नळ चार दिवस कोरडा असला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि पाइप कुठं गळका असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. महापालिकेच्या माणसांनी नळाचे नमुने नेले होते. अहवालाला दोन-तीन दिवस.

परत येऊन प्रेसनोट नव्यानं लिहिली. रंगाचं पाणी आमचं, पंप बंद पडला, रंगकाम थांबवलं आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलं आहे. इथवर वकीलसाहेब कुरकुरत आले. पुढच्या वाक्यावर अडले: ‘पिण्याच्या पाण्यात मिसळले आहे का, हे अजून माहीत नाही; अहवाल येईपर्यंत गल्लीत आमच्या खर्चाने टँकर येईल.’

“माहीत नाही असं कुणी छापून देतं का? ‘कोणताही धोका नाही’ लिहा.”

“आणि परवा निघाला तर?”

या एका वाक्यावर तासभर गेला. मध्ये चहा दोनदा झाला, दुसरा कुणी प्यायलाच नाही. शेवटी मालकच म्हणाले, “राहू द्या. टँकर आधी पाठवा, मग कागद.” नोट दीडला गेली, म्हणजे पेपरांच्या दुपारच्या बैठकांच्या आत.

दुसऱ्या दिवशी बातमी आलीच. तीन कॉलम, रंगीत फोटो, मालकांचं नाव पहिल्याच ओळीत. एका पेपरनं आमचं ‘माहीत नाही’ चौकटीत टाकलं. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला, नळाचं पाणी स्वच्छ. मालकांना ही बातमी पहिल्या पानावर हवी होती. मी एका ओळखीच्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, “काही झालं नाही, ही बातमी असते का मॅडम?” पान पाचवर चार ओळी आल्या.

त्यामुळे अहवालाची झेरॉक्स घेऊन आम्ही तिघं पुन्हा गल्लीत गेलो. नळ नुकताच आला होता. फोरमननं कागद वाचून दाखवला. एका म्हातारीनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. मग घागरीतून तांब्या भरून मालकांपुढं धरला. “मीरु तागंडी.”

तुम्ही प्या. मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला.

सवयीनं माझा हात मोबाईलकडे गेला होता. काढला असता तर फोटो तीन कॉलम नक्की होता.