गावाच्या सहीचा परवाना

गडचिरोलीहून सकाळची धानोरा गाडी पकडली तेव्हा जेमतेम साडेसहा वाजले होते, पण रस्त्याकडेच्या मोहाखालच्या टोपल्या अर्ध्याअधिक भरल्या होत्या. मोहाची फुलं रात्रीतून गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. झाडाखालचा पाला आधीच जाळून ठेवलेला असतो, त्या काळ्या जमिनीवर पिवळट, रसरशीत फुलांचा सडा. गाडी थांबली की खिडकीतून तो गोड, किंचित आंबूस वास आत यायचा. एप्रिलात इथे आलात तर पहाटेच निघा, एवढंच सांगेन.

पहिला मुक्काम चातगावजवळचं शोधग्राम, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं ठिकाण. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आसपासच्या गोंड गावांना विचारलं होतं, की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्यात तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो. नातेवाइकांना राहू देत नाहीत. तिथे आमचा देवही नसतो. म्हणून इथला दवाखाना एखाद्या गावासारखा आहे. झोपडीवजा खोल्या, रोग्याबरोबर घरची माणसं, आणि दवाखान्याचं नाव इथल्या आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. मी गेले तेव्हा एका खोलीच्या ओट्यावर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी त्यांचीच चूल पेटलेली. दवाखान्यात आल्यासारखं त्यांना वाटत नव्हतं, आणि मलाही.

याच जिल्ह्यातल्या 39 गावांत 1995 पासून गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची देखभाल घरोघरी सुरू झाली. तीन वर्षांत तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा आकडा मी पूर्वी वाचला होता. त्या ओट्यावर बसल्यावर तो नव्याने कळला.

दुपारी मेंढा. लेखा गावाला लागून, म्हणून मेंढा (लेखा). शंभरेक घरांचं गोंड गाव, जवळून कठाणी नदी वाहते. शिरतानाच नजरेस पडतं ते वाक्य: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत ते ‘मावा नाटे मावा राज’ असं आणखी थोडक्यात म्हणतात. भिंतीवर घोषणा काय, कुठेही सापडतात. इथे तिच्यामागे चाळीस वर्षांचं काम आहे. 1980 च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांना विरोध करायला हा सगळा मुलूख उठला, त्यातून ‘गावाचं गावानेच ठरवावं’ हा विचार रुजला. इथे अभ्यासगट बसतात. त्यात बाहेरचे सोबतीही असत, मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांतलं मोठं नाव. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तो सर्वसहमतीनेच. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो.

“पण याला फार वेळ लागत नाही का?” मी एका काकांना विचारलं. ते बांबूची कांब सोलत बसले होते, मान वर न करता म्हणाले, “लागते ना जी. पण मतं टाकली तर एक्कावन जिंकते अन् एकोनपन्नास हारते. हारलेला मानूस उद्या जंगल राखाले येईल का?”

कांब पातळ होत होत हातात कागदासारखी लवायला लागली होती.

या बांबूची कथा ऐकायलाच मी आले होते. बांबू मुळात गवत. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं, आणि मग ज्याच्या अंगणामागे बांबूचं रान त्यालाच तो तोडणं गुन्हा ठरला. त्याच वेळी कागद कारखान्यांना मात्र बांबूची रानं कराराने मिळत राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्द आहेत आणि बांबू तिथे गौण वनोपज आहे, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा जंगलमाल. मेंढ्याला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच. हक्क गावाचा, पण माल रस्त्यावर आला की जप्तीची भीती. मला तर हे कुलूप आपलं आणि किल्ली दुसऱ्याची असल्यासारखं वाटतं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण इथे आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या वतीने गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं.

पुढे 2013 साली गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे खासगी शेतीची मालकीही ग्रामसभेकडे. सगळ्यांचं जंगल एकत्र राखणं मी समजू शकते. स्वतःच्या नावावरचं शेत गावाच्या नावावर करायला एकेका घराला काय वाटलं असेल, यावर परतीच्या वाटेवर मी खूप विचार केला.

संध्याकाळी एका तरुणाने ग्रामसभेची कागदपत्रं दाखवली. त्यांत परवान्याच्या वापरून झालेल्या पुस्तकाची स्थळप्रत होती. किती बांबू, कुठून कुठे, कोणत्या गाडीने, आणि खाली ग्रामसभेचा शिक्का. शिक्क्याची शाई थोडी पसरलेली. त्या पानावरून मी बोट फिरवलं.

“फोटो काढू का?” मी विचारलं.

तो जरा अवघडला. “ताई, ग्रामसभेला विचारावं लागेल. बैठक चार दिवसांनी आहे. थांबता का?”

माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती. म्हणून इथे खाली मोहाचा, कठाणीचा आणि दवाखान्याच्या अंगणाचा फोटो आहे, त्या पानाचा नाही.