एक मे म्हणजे निकाल, आणि बरंच काही

स्मरणिकेसाठी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं सहल, गॅदरिंग, छडी यावर बाकीचे लिहितीलच, आपण एक मे वर लिहू. कारण आपल्या शाळेत एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन वगैरे नंतर, आधी निकाल. सकाळी झेंडावंदन, मग वर्गात प्रगतिपुस्तक, वरच्या वर्गात घातलं असेल तर तिथून थेट सुट्टी आणि नसेल तर घरी वेगळाच कार्यक्रम. त्यामुळे मैदानावर भाषण चालू असताना सगळ्यांचे डोळे बाईंच्या हातातल्या गठ्ठ्यावर.

त्यात आमचे इतिहासाचे सर बोलायला उभे राहिले की पोरं कुरकुरायची. सर लांबण लावायचे हे खरंय, पण ते "हुतात्म्यांना वंदन करून माझे दोन शब्द संपवतो" असं कधी उरकायचे नाहीत. एका वर्षी त्यांनी खिशातून कागद काढला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांची नावं नुसती वाचायला घेतली. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, १५ जण गेले, मग जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा, असं करत शंभराच्या वर माणसं गेली. यादीत पवार, जाधव होतेच पण चिमणलाल शेठ, जोसेफ पेजारकर, के. जे. झेवियर ही पण नावं होती. मागून कोणीतरी विचारलं सर हे पण आपलेच का, तर सर म्हणाले मुंबईसाठी गेले ना, मग कोणाचे असणार, आणि पुढचं नाव वाचायला लागले. एवढंच. त्यावर लेक्चर नाही काही नाही.

मला वाटतं तेव्हापासून तो दिवस माझ्यासाठी थोडा बदलला. आता एक मे ला सकाळी सहापासून फोनवर भगवे फेटे आणि तुताऱ्यांच्या इमेज येऊन पडतात, मी पण एखादी पुढे ढकलतो, पण त्याने आत काही हलत नाही हो. एखादं नाव आठवलं तर हलतं.

दुसरी गोष्ट सरांनी वर्गात सांगितलेली, निकाल वाटून झाल्यावर. म्हणाले आता सुट्टी लागली म्हणून नाचताय, पण सुट्टी आली कुठून माहितीये का. मग शिकागोचा १८८६ चा आठ तासांच्या कामाचा लढा सांगितला, आणि तिथून थेट आपल्या नारायण मेघाजी लोखंडेंवर आले. सत्यशोधक माणूस, मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. त्याआधी गिरणीत हक्काची साप्ताहिक सुट्टी अशी नव्हतीच. आम्हाला तोपर्यंत वाटायचं रविवार हा आपोआप असतो, सूर्य उगवतो तसा. आज मी शिफ्टमध्ये काम करतो, वीकली ऑफ कॅन्सल झाला की काय वाटतं ते विचारू नका, आणि तेव्हा हटकून लोखंडे आठवतात.

आता सरांनी न सांगितलेलं एक. कामगार दिनाच्या सुट्टीला आपल्या शाळेत सगळ्यात आधी कोण हजर असायचं तर शिपाईमामा. मी स्काउटला असल्याने लवकर जायचो म्हणून बघायला मिळालं. मामा टेबलावर झेंडा पसरायचे, घडी घालताना मधे झेंडूच्या पाकळ्या ठेवायचे, जास्त नाही हां, ओंजळभरच, नाहीतर घडी फुगते म्हणायचे, आणि मग दोरीला सुरगाठ. ती गाठ ते आम्हाला मारू द्यायचे नाहीत. घट्ट बसली तर पाहुणे दोरी ओढतच राहणार आणि सैल झाली तर झेंडा आधीच उघडणार. मग स्वतः एकदा ओढून बघायचे, पुन्हा सगळं बांधायचे आणि बाजूला जाऊन चप्पल काढून उभे राहायचे. पाकळ्या खाली पडल्या की टाळ्या पाहुण्यांना. मैदान रिकामं झालं की खुर्च्या उचलायला परत मामाच. त्यांना त्या दिवसाची बदली रजा मिळायची का हे तेव्हा विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तर कमिटीला दोन विनंत्या. एक, मामांचा चेहरा दिसेल असा फोटो कोणाकडे असेल तर स्मरणिकेत छापा, माझ्याकडे जो एक मे चा फोटो आहे त्यात सगळे प्रमुख पाहुणेच आलेत. आणि दुसरी, सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या एक मे ला पाहुणे शोधत फिरू नका. सध्याच्या मावशी आहेत ना, दोरी त्यांच्या हातात द्या. खुर्च्या आमची बॅच उचलेल, तसं ग्रुपवर टाकलंय, अंगठे बरेच आलेत, येतात किती ते बघू.