आजीवन वॉरंटीचा रॅचेट : माझा अनुभव

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजसमोर उसाच्या ट्रॉल्या लागतात. ट्रॉलीवाल्याची एक खेप चुकली तरी त्याचा दिवस वाया जातो, म्हणून बरंचसं काम रात्रीच चालतं. डिसेंबरात अशाच एका ट्रॉलीचे पाटे बदलत होतो. यू-बोल्टचा चोवीसचा नट अर्धा वर आला होता, पुढचे आटे गंजलेले. रॅचेटवर, म्हणजे एका बाजूला धरून दुसऱ्या बाजूला मोकळा फिरणाऱ्या पान्यावर, जोर दिला तसा आतून कडकन आवाज आला, दांडा रिकामाच फिरला आणि माझी मूठ चासीवर आदळली. दोन बोटांची सालं निघाली. नट निघाला शेवटी, पण रॅचेट तेव्हापासून एका बाजूला धरेचना.

हा रॅचेट ज्यातला, तो अर्ध्या इंची ड्राइव्हचा गोटी सेट (गोटी म्हणजे नटावर बसणारं सॉकेट) मी 2021 मध्ये लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून घेतला होता. किंमत 6,400 रुपये. त्याच फळीवर तेवढ्याच गोट्यांचा दुसरा सेट 3,800 ला होता. वरचे 2,600 रुपये मी दिले ते पेटीवर ‘लाइफटाइम वॉरंटी’ असं छापलं होतं म्हणून. माझ्यासारख्या माणसाला 2,600 रुपये ही लहान रक्कम नाही. ते मी एका शब्दावर दिले होते आणि तो शब्द पाळला जातो की नाही हे मला बघायचंच होतं.

दुकानात गेलो. मालक माणूस चांगला, वर्षानुवर्षांची ओळख. रॅचेट दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाले, “मिस्त्री, चार वर्सं वापरलासा की. हातातल्या वस्तूला कसली आलीय वॉरंटी? कंपनीचा माणूस आता इकडं फिरकत बी नाही. नवा घ्या, शंभर रुपये कमी लावतो.”

मी म्हणालो, “शेठ, पेटीवर छापलंय ते तुम्हीच मला दाखवलं होतं.”

“छापलंय खरं. पण बदलून द्यायला माझ्याकडं यायला नको का?”

त्यांचा राग आला नाही, कारण ते खरं बोलत होते. अमेरिकेत हातहत्यारांच्या वॉरंटीचं एवढं नाव झालं ते कशामुळे, तर तिथं फुटलेला पाना घेऊन जायला जागा होती. सिअर्सच्या दुकानांनी 1927 पासून क्राफ्ट्समन नावाची हत्यारं विकली आणि मोडलेला पाना काउंटरवर ठेवला की बदलून मिळायचा, अशी त्यांची ख्याती होती. स्नॅप-ऑनचा विक्रेता तर व्हॅन घेऊन गॅरेजच्या दारात येतो. नवं विकतो आणि मोडलेलं बदलूनही देतो. आपल्याकडे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव मिळून एवढी वर्कशॉपं आणि फाउंड्र्या आहेत, हत्यारं मोडतातही रोज, पण मी विकत घेतलेल्या वॉरंटीला इथं दार कुठं आहे हेच कुणी सांगेना.

रात्री पेटी उलटी केली. पुठ्ठ्याचं खोकं कधीच गेलं होतं, पण प्लॅस्टिकच्या पेटीच्या तळाला लेबल शाबूत होतं. पाकिटबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन, ईमेल छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ते असतंच. झाकणाच्या कप्प्यात वॉरंटीचं कार्डही सापडलं. बारीक अक्षर मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदाच नीट वाचलं. ‘लाइफटाइम’ म्हणजे हत्याराचं आयुष्य, माझं नव्हे. धातूतला किंवा बनावटीतला दोष धरला जाईल, झीज धरली जाणार नाही. दांड्यावर पाइप घातला, हातोडा मारला, ग्राइंडरवर घासलं की वॉरंटी संपली. टॉर्क रेंच यात नाही. आणि फक्त पहिल्या खरेदीदाराला.

बिलाचा घोळ व्हायचाच होता. मशीनवरचा गुळगुळीत कागद, चार वर्षांत पांढराफटक. नशिबानं घेतलं त्या दिवशी मी बायकोला फोटो पाठवला होता, किती खर्च केला ते दाखवायला. तो तिच्या फोनमध्ये मिळाला. आता हत्यार घेतलं की बिलाचा फोटो तिथं काउंटरवरच काढतो.

ड्रॉवरमध्ये याच सेटमधली एकोणीसची गोटीही पडली होती, उभी चीर गेलेली. शेजारचे लेथवाले आबा म्हणाले, “दोन्ही धाड की. पण गनवर लावली हुती म्हणून लिहू नको. हातानं खोलताना फुटली म्हण.”

ती फुटली होती हवेच्या गनवर. पोरानं घाईत चकचकीत गोटी गनला लावली. हाताच्या गोट्या क्रोम व्हॅनेडियमच्या, कडक आणि पातळ भिंतीच्या असतात. सरळ ताण घेतात, पण गनचे सलग ठोके त्यांना सोसत नाहीत. गनच्या गोट्या काळ्या, जाड, बहुधा क्रोम मॉलिब्डेनमच्या. त्या थोडं सोसून घेतात. चकचकीत गोटी गनवर तडकली तर तुकडा डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून त्या दिवशी पोराला मी चांगलंच बोललो होतो. तीच गोटी हातानं फुटली असं मी लिहू शकलो नाही. कंपनीनं तिचा शब्द पाळावा असं मागत होतो, तेव्हा माझा शब्दही खरा असायला हवा होता. आबा नाराज झाले. मी कंपनीला ईमेलवर दोन्ही गोष्टी घडल्या तशा लिहिल्या. सोबत दांड्यावरच्या कोडचा, बिलाचा, कार्डाचा फोटो आणि रॅचेट घसरतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडला. दांड्यावर पाइप घातला नव्हता हेही लिहिलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं : वापर व्यावसायिक आहे, दावा मान्य नाही. रॅचेट तपासायलासुद्धा मागवला नव्हता.

यावर मात्र मला खरंच वाईट वाटलं. गोटी सेट गॅरेजवाला घेणार नाही तर कोण घेणार? कार्डावर तर तसं एक अक्षर नव्हतं. माझ्याकडे गाडी आणणारे एक वकील आहेत, त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून सुटते. ती घेणारा ग्राहकच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात अर्ज करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. “पण आधी 1915 ला फोन करा,” ते म्हणाले.

ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन केला, तक्रार नोंदवून नंबर मिळाला. त्याच नंबरसह कंपनीला दुसरा ईमेल केला, चार ओळींचा : कार्डावरची अट कोणती मोडली ते दाखवा, नाहीतर रॅचेट तपासून घ्या.

बाराव्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. नीट, आदरानं बोलल्या आणि दोन्ही वस्तू भिवंडीला पाठवायला सांगितल्या. कुरिअरचे 190 रुपये माझे. एवढ्यासाठीच बरेच जण नाद सोडत असणार, कारण अडीचशेच्या पान्यासाठी दोनशेचं पार्सल कोण करेल? माझा रॅचेट महाग होता म्हणून हिशेब जमला.

पहिल्या ईमेलपासून सात आठवड्यांनी पार्सल परत आलं. नवा रॅचेट नव्हता. दांडा माझाच, मी पंचनं ठोकलेली माझी दोन अक्षरं तशीच. डोक्यातलं दातांचं चाक, त्या दातांत अडकणारं कुत्रं आणि स्प्रिंग बदललेली. कान लावून फिरवला. 72 दात, एका टिकटिकीला पाच अंश. सगळे नीट वाजले. आता जाम नट आधी लांब टॉमीनं (रॅचेट नसलेल्या साध्या दांड्यानं) सैल करतो आणि मग रॅचेट लावतो, म्हणजे त्या बारीक दातांवर भार येत नाही. गोटी नाकारली होती, कारण लिहिलं होतं : इम्पॅक्टवर, म्हणजे गनवर, वापर. ते मला मान्य होतं. एकोणीसची काळी गोटी मी लक्ष्मीपुरीतूनच आणली.

शेठना दुरुस्त रॅचेट दाखवला तेव्हा त्यांनी दोनदा फिरवला, काही बोलले नाहीत आणि पेटीच्या तळावरचा कस्टमर केअरचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला.

काल आबा तडा गेलेला रिंग पाना घेऊन आले. बिल नाही, पेटी नाही. रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलाय. गंजाखाली कोड सापडला तर ईमेल मी लिहिणार आहे.