चौकट जी-14

बैठक सकाळी अकराची होती आणि माझ्या संगणकावरच्या तक्त्यात, जी-14 या चौकटीत, मला ती चूक सापडली आदल्या रात्री पावणेदहाला. तिला चूक म्हणावं की नाही हेच अजून ठरत नाही, म्हणून लिहितेय.

माझं काम तसं कारकुनीच. विभागांकडून प्रकल्प येतात, मी त्यांचं लाभ-खर्च गुणोत्तर, म्हणजे खर्चाच्या एका रुपयामागे लाभ किती, ते काढून उतरती यादी लावते. पैसे वरून वाटत यायचे, संपतील तिथे रेघ मारायची. त्या वर्षी रेघेच्या वर एकाच मोठ्या कामाला जागा होती आणि दावेदार दोन होते: गर्दीच्या एका रस्त्यावर उड्डाणपूल, किंवा त्याच रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका. भाड्याच्या घरांचा तिसरा प्रस्ताव होता, पण त्याचं लेखाशीर्ष, म्हणजे पैसे ज्या खात्यातून यायचे ते, वेगळं, विभाग वेगळा, आणि माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

रस्त्याच्या कामात लाभ म्हणजे मुख्यतः वाचलेला वेळ. 60,000 गाड्यांची दोन-दोन मिनिटं वाचली की दिवसाला 2,000 तास. हे तास पैशात बदलायचे, 30 वर्षं मोजायचे आणि आजच्या किमतीत आणायचे, म्हणजे लाभ जितका उशिरा मिळणार तितका तो दर वर्षी ठरावीक टक्क्यांच्या दराने कमी धरायचा. या शेवटच्या पायरीला बाहेरची माणसं जांभई देतात, पण खरी कत्तल तिथेच होते. ब्रिटिश सरकार वापरतं तो साडेतीन टक्क्यांचा दर लावला, तर 30 वर्षांनी मिळणारे 100 आज जेमतेम 36 भरतात. 10 टक्के लावले तर सहासुद्धा नाहीत. दर चढा ठेवला की लवकर दिसणारं काम जिंकतं आणि टिकणारं हरतं.

वेळ किती लागेल ते सांगणारं आमचं सूत्र अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाचं, 1964 सालचं. वाहतूक क्षमतेइतकी असेल तर प्रवासाचा वेळ मोकळ्या रस्त्यापेक्षा 15 टक्के वाढतो, क्षमतेच्या दुप्पट झाली की जवळपास साडेतीन पट होतो. दुप्पट वाहतूक रस्त्यावरून प्रत्यक्षात जाऊच शकत नाही, कागदावर मात्र खुशाल जाते. ‘काहीच केलं नाही तर’ या रकान्यातली माणसं वर्षानुवर्षं त्याच कोंडीत निमूट बसून राहतात. कोणी वेळ बदलत नाही, वाट बदलत नाही. पूल झाला की तीच माणसं पुलावरून जातात, नवी गाडी एकही येत नाही. महामार्गाच्या मार्गिका जितक्या वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते, हे ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून 2011 सालीच दाखवलं. मी दर वर्षी तशी टीप लावते, दर वर्षी ती परिशिष्टात जाते. परिशिष्ट उघडणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही.

तर ती चौकट. जी-14 मध्ये कारवाल्याच्या तासाची किंमत होती, जी-15 मध्ये बसच्या प्रवाशाची. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. तास कमाईच्या हिशेबाने मोजलेला. पद्धत पाठ्यपुस्तकातलीच, आणि तीन वर्षांपूर्वी आकडे भरणारीही मीच. कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाला कमाई न बघता सगळ्यांना एकच किंमत धरायची रीत ब्रिटनमध्ये कित्येक दशकं आहे, हेही मला ठाऊक होतं. दोन्ही चौकटींत सरासरीचा आकडा टाकला आणि बसची मार्गिका पुलाच्या वर गेली. बाकी एका शब्दालाही हात लावला नव्हता.

सकाळी दोन्ही तक्ते घेऊन गेले. साहेबांनी एकच विचारलं, “मागच्या वर्षी कुठली पद्धत होती?”

“जुनीच, सर.”

“मग यंदा मधेच कशाला?”

गृहनिर्माणचे अधिकारी माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्याकडे गुणोत्तर नव्हतंच, फितीने बांधलेला अर्जदारांच्या प्रतीक्षा यादीचा गठ्ठा तेवढा होता. “गुणोत्तर घेऊन या, मग बघू,” असं त्यांना सांगण्यात आलं. शेवटी पूल मंजूर झाला, तोही माझ्या कुठल्याच तक्त्यामुळे नाही. त्याची जमीन ताब्यात होती, निविदेचा मसुदा तयार होता आणि वर्ष संपायच्या आत पैसे खर्ची पडणार होते. हे कारण इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्तात गुणोत्तर आलं.

चहाच्या वेळी मी तो गठ्ठा सहज चाळला. एक रकाना होता ‘कामाचं ठिकाण’. पानामागून पान त्याच रस्त्याच्या टोकाची नावं. म्हणजे ज्यांचे तास मी रात्री जी-15 मध्ये महाग केले, त्यांतलेच कितीतरी जण या गठ्ठ्यात होते.

त्या आठवड्यात मी तिसरा तक्ता केला, कोणी मागितला नव्हता. गठ्ठ्यातल्या काही कुटुंबांना कागदावर कामाजवळ घरं दिली आणि पुन्हा गणित चालवलं. बसच्या मार्गिकेचं गुणोत्तर घसरलं, पुलाचंही थोडं. कारण उघड आहे: जो प्रवास उरलाच नाही, त्यात वेळ कसला वाचणार? त्या माणसाचे रोजचे दोन तास सुटले ते माझ्या तक्त्यात कुठेच जमा होत नाहीत, उलट दुसऱ्याच्या लाभातून वजा होतात. हाँगकाँगमध्ये मेट्रो कंपनी स्टेशन आणि त्याच्या डोक्यावरची घरं एकाच हिशेबात धरते. आमच्याकडे प्रवास आणि घरं यांच्या फायली दोन वेगळ्या मजल्यांवर आहेत.

मी जी-16 अशी नवी ओळ घातली आणि नाव दिलं ‘न झालेला प्रवास’. पुढची चौकट अजून रिकामी आहे. तिथे सूत्र कुठलं लिहायचं ते मला सुचलेलं नाही, आणि पुढच्या वर्षीची यादी महिन्याभरावर आली आहे.