ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला आठ आठवडे : दूरस्थ वस्तीत नर्स म्हणून जाणाऱ्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियातील जून ते ऑगस्ट या काळात, मी नॉर्दर्न टेरिटरीतील एका ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीच्या दवाखान्यात आठ आठवडे नर्स म्हणून काम करून आले. त्याआधीची सात वर्षे मी ॲडलेडमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात होते, त्यामुळे छातीत दुखणारा रुग्ण किंवा झटके येणारे मूल समोर आले तर काय करायचे याची भीती मला फारशी नव्हती. आणि तरीही पहिले दोन आठवडे माझा तिथे जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. वस्तीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण चारपाचशे माणसांच्या गावातला एखादा प्रसंग सांगितला की तो कोणाचा हे तिथल्या प्रत्येकाला कळते. मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज या शहरापासून गाडीने साधारण चार तासांवर, लुरिचा भाषा बोलणाऱ्यांच्या प्रदेशात ती आहे, एवढे पुरे.

तयारी कागदपत्रांपासून सुरू होते आणि ती वाटते त्यापेक्षा कितीतरी आधी सुरू करावी लागते. आप्रा या नियामक संस्थेकडे नोंदणी झालेली असणे ही पहिली अट आहे. भारतातील पदवीवर थेट येणाऱ्या नर्सला बहुधा एनक्लेक्स ही संगणकावरची परीक्षा आणि त्यानंतर ॲडलेडमध्ये होणारी प्रात्यक्षिक परीक्षा असे दोन टप्पे पार करावे लागतात. मात्र जिने ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन किंवा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया व ऑन्टॅरिओ या प्रांतांपैकी कुठे रीतसर नोंदणी घेऊन किमान १,८०० तास काम केले आहे, तिच्यासाठी २०२५ पासून एक जवळचा मार्ग खुला झाला आहे. आखाती देशांतील अनुभव त्यात धरला जात नाही, हे आपल्यातील अनेकींना खटकेल. नोंदणीखेरीज लहान मुलांसोबत काम करण्याचा परवाना लागतो, ज्याला टेरिटरीत ओकर कार्ड म्हणतात; लसीकरणाच्या नोंदी लागतात; आणि गिअरची गाडी चालवता येणे लागते, कारण दवाखान्याची रुग्णवाहिका म्हणजे बहुतेक ठिकाणी टोयोटाची लांबलचक फोर-व्हील गाडी असते, जिला सगळे प्रेमाने ‘ट्रूपी’ म्हणतात. मी सात वर्षे ऑटोमॅटिक गाडी चालवली होती आणि पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या फाटकात तिला तीनदा बंद पाडून मोठी करमणूक केली.

अभ्यासक्रमांपैकी क्रॅनाप्लसचे दोन मी जाण्यापूर्वी केले. ही दूरस्थ भागातील नर्सेसची संघटना १९८३ साली ॲलिस स्प्रिंग्जमध्ये भरलेल्या मेळाव्यातून उभी राहिली. तिचा रिमोट इमर्जन्सी केअरचा अभ्यासक्रम माझ्यासारखीला बराचसा उजळणीसारखा वाटला, पण प्रसूतीच्या तातडीच्या काळजीचा मात्र टाळू नका. गरोदर स्त्रियांना दिवस भरण्याच्या काही आठवडे आधी शहरात नेतात, परंतु प्रत्येक बाळ ते वेळापत्रक पाळत नाही. प्रथमच जाणाऱ्यांसाठी रिमोट एरिया हेल्थ कोर हा चांगला दरवाजा आहे. केंद्र सरकारच्या पैशांतून २००८ पासून चालणारा हा कार्यक्रम शहरांतील नर्सेसना टेरिटरीतील वस्त्यांत थोड्या मुदतीसाठी पाठवतो आणि त्याचे ऑनलाइन धडे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

मी मात्र एका एजन्सीमार्फत गेले आणि तिथे फसगत झाली. रात्रीची ड्यूटी ‘अधूनमधून’ असेल असे मला फोनवर सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आम्ही तिघीच होतो, त्यामुळे दर तिसरी रात्र माझी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दवाखाना उघडायचाच होता. म्हणून सही करण्यापूर्वी एकूण नर्सेस किती, आठवड्यात कॉलच्या रात्री किती, रात्रभर जागल्यास सकाळी विश्रांतीचा हक्क आहे का, आणि रात्री बोलावणे आले तर सोबत दुसरे कोण येणार, या चार गोष्टी लेखी मागा. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एपीवाय लँड्स या ॲबोरिजिनल प्रदेशात गेल वुडफर्ड या नर्सची मार्च २०१६ मध्ये हत्या झाली, आणि त्यानंतर त्या राज्याने ‘गेल्स लॉ’ हा कायदा केला, ज्यानुसार वेळेबाहेरच्या बोलावण्यावर नर्सने एकटीने जायचे नाही. तो जुलै २०१९ पासून लागू आहे, पण त्याची हद्द दक्षिण ऑस्ट्रेलियापुरती आहे. टेरिटरीत हे संरक्षण तुमच्या नियोक्त्याच्या धोरणातून येते, आणि ते धोरण कागदावर किती आणि रात्री दोन वाजता किती, हे तिथे आधी राहून आलेल्या नर्सला विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगते. ॲबोरिजिनल जमिनीवर जाण्यासाठी परवाना लागतो. मध्य भागात तो सेंट्रल लँड कौन्सिल देते आणि कामासाठी जाणाऱ्यांचा परवाना सहसा नियोक्ता काढतो, पण भेटीला येणाऱ्या नवऱ्याचा तुम्हालाच काढावा लागेल. शहर सोडल्यावर थोड्याच वेळात मोबाइलचे जाळे संपते, तेव्हा सॅटेलाइट फोन, दोन जादा टायर आणि भरपूर पाणी सोबत ठेवा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका, कारण कांगारू, गुरे आणि उंट रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. दारू सोबत नेऊ नका. बहुतेक वस्त्यांत ती निषिद्ध आहे आणि गाडीची तपासणी होऊ शकते. हिवाळ्यात दिवस सुरेख असतो, पण पहाटे पारा शून्याखाली जातो, हे मी वाचले होते आणि तरीही एकच स्वेटर नेला होता.

आता दवाखान्याकडे येते. मी आणीबाणीच्या तयारीने गेले होते आणि तिथले खरे काम निघाले दर २८ दिवसांच्या यादीचे. मध्य ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल मुलांमध्ये संधिवाती ताप आणि त्यातून होणारा हृदयाच्या झडपांचा आजार यांचे प्रमाण जगातील सर्वाधिकांपैकी एक आहे. दाटीची घरे आणि त्यांतून वारंवार होणारा घशाचा व त्वचेचा संसर्ग हे त्याचे मूळ. तापाचा पुन्हा हल्ला होऊ नये म्हणून या मुलांना वर्षानुवर्षे दर चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. आपल्याकडे शिकलेल्या नर्सेसना ते पेनिड्युअर या नावाने ठाऊक असेल, आणि ते किती दुखते हेही. तिथे मी ते नव्याने शिकले. औषध फ्रिजमधून काढून हातात फिरवून कोमट करायचे, टोचण्यापूर्वी जागा अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरायची, आणि घाई न करता दोनतीन मिनिटे घेऊन हळूहळू आत सोडायचे. घाईत टोचलेले मूल पुढच्या वेळी ट्रूपी दिसताच घराच्या मागच्या बाजूने पळते. माझ्या पहिल्या आठवड्यात असे दोघे पळाले.

त्यांना परत आणले ते आमच्या ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर बाईंनी. हा स्वतंत्रपणे नोंदणीकृत व्यवसाय आहे, मदतनिसाची जागा नव्हे, आणि नव्या नर्सने दवाखान्यात कोणाकडून शिकायचे असेल तर यांच्याकडून. त्यांनी मला गाडी अंगणाबाहेर थांबवून हाक येईपर्यंत आत बसून राहायला शिकवले. त्याला दुसरेही कारण होते, ते म्हणजे कुत्री. तिथल्या इंग्रजीत ‘चीकी डॉग’ म्हणजे खोडकर कुत्रा नसून चावरा कुत्रा, हा फरक वेळेवर कळलेला बरा. माझी सर्वांत मोठी चूकही त्यांनीच दाखवली. आपण मराठी माणसे प्रश्नाच्या शेवटी ‘ना?’ जोडतो आणि इंग्रजी बोलतानाही ती सवय जात नाही. मी दिवसभर ‘गोळ्या घेतल्या ना?’ अशा थाटात विचारत होते आणि प्रत्येकजण ‘युवा’, म्हणजे ‘हो’, म्हणत होता. ते होकार सौजन्याचे होते, समोरच्या परक्या बाईला अडचणीत न टाकण्याचे. ‘गोळ्यांची पट्टी बघू या, किती उरल्या?’ असे विचारायला लागल्यावर आमच्या रक्तदाबाच्या नोंदींना अर्थ येऊ लागला.

तिसऱ्या आठवड्यात मला ‘नंगाला’ हे स्किन नेम मिळाले, म्हणजे आठ गटांच्या नातेव्यवस्थेत मला एक जागा मिळाली आणि गावातील प्रत्येकजण माझा कोणीतरी झाला. हा सन्मान आहेच, पण नर्ससाठी ती कामाची माहितीही आहे. सासू आणि जावई यांनी एकमेकांसमोर यायचे नसते. दोघे एकाच वेळी दवाखान्यात आले तर एकजण न सांगता निघून जातो आणि आपण नोंदीत ‘थांबला नाही’ असे लिहितो. मृत व्यक्तीचे नाव उच्चारायचे नसते. मी एका तरुणाला जुन्या फाइलमधील नावाने मोठ्याने हाक मारली, तेव्हा बाकावरची सगळी माणसे माना खाली घालून गप्प झाली. त्याच नावाचे कोणी नुकतेच गेले होते. स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या तपासण्या वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे पुरुष नर्सेसना तिथे मोठी मागणी आहे.

रात्रीची एकच हकिगत सांगते. पहाटे दोन वाजता छातीत दुखणारे गृहस्थ आले. ईसीजी काढला, छोट्या यंत्रावर ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली का हे दाखवणारा रक्तातील घटक, तपासले, ॲलिस स्प्रिंग्जच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि फ्लाइंग डॉक्टर या हवाई रुग्णसेवेचे विमान मागवले. डॉक्टर फोनवर असले तरी हात माझेच होते, आणि त्या रात्री आधार होता तो कार्पा मॅन्युअलचा. मध्य ऑस्ट्रेलियातील दवाखान्यांचे हे उपचार-पुस्तक १९९२ पासून निघते आणि त्यातील नियमांनुसार नर्स स्वतः औषध सुरू करू शकते. ते जाण्यापूर्वी चाळा. तिथे वाचायला वेळ मिळत नाही. विमान उतरण्यापूर्वी धावपट्टीवरून गाडीची फेरी मारून गाढवे हाकलावी लागतात, हे मात्र कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही.

पुढच्या संधींपैकी डायलिसिसचा अनुभव असणाऱ्यांनी दूरस्थ वस्त्यांत डायलिसिस चालवणाऱ्या पर्पल हाउस या संस्थेकडे जरूर पाहावे. पिंटुपी या ॲबोरिजिनल समाजातील चित्रकारांनी २००० साली सिडनीत आपली चित्रे लिलावात विकून दहा लाख डॉलरांहून अधिक पैसा उभा केला, कारण मूत्रपिंडाच्या आजाराने म्हाताऱ्यांना शेकडो किलोमीटर दूर शहरात जाऊन राहावे लागत होते. त्या पैशांतून डायलिसिस किंटोरसारख्या वस्तीत पोहोचले. अतिदुर्गम भागात नर्सने केलेल्या डायलिसिससाठी २०१८ पासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना पैसे देते, म्हणून ही पदे टिकून आहेत. दुसरी बातमी औषधे लिहून देण्याच्या अधिकाराची आहे. ३० सप्टेंबर २०२५ पासून पुरेसा अनुभव आणि पदव्युत्तर शिक्षण असलेली नोंदणीकृत नर्स, अधिकृत डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरच्या भागीदारीत, औषधे लिहून देण्याची मान्यता मागू शकते. वस्तीतील कामाला याचा मोठा उपयोग होईल असे मला वाटते, पण केवळ त्या कागदासाठी कोणी तीन आठवड्यांकरिता येऊ नये.

कारण मुदतीचा प्रश्न गंभीर आहे. २०१३ ते २०१५ या काळात टेरिटरीतील दूरस्थ दवाखान्यांत नर्स आणि हेल्थ प्रॅक्टिशनर सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण १४८ टक्के होते, म्हणजे शंभर जागांमागे वर्षभरात १४८ जण गेले. एका आजीने मला पहिल्या दिवशी नाव विचारलेच नाही, ‘किती दिवस?’ एवढेच विचारले. शक्य असेल तर सहा महिने या, आणि थोड्या मुदतीसाठीच जमत असेल तर दरवेळी नवी वस्ती बघण्याऐवजी त्याच वस्तीत परत जाण्याची अट एजन्सीला घाला. एकटेपणा जाणवला तर क्रॅनाप्लसची बुश सपोर्ट लाइन दिवसरात्र मोफत असते. मी दोनदा फोन केला.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी माझ्या जागी येणाऱ्या नर्ससाठी २८ दिवसांची यादी पुन्हा हाताने लिहून काढली : कोणाच्या घरी कोणत्या बाजूने जायचे, कोणाला आजी घेऊन येते, कोणाला इंजेक्शनआधी बर्फ लागतो. पळालेल्या दोघांपैकी धाकट्याची तारीख मी गेल्यानंतर चार दिवसांनी होती, आणि त्याच्या नावापुढे ‘सकाळी नको, शाळा सुटल्यावर’ असे लिहून मी ती फ्रिजच्या दारावर चिकटवली.